पुसायचा पाव

समोर ठेवलेल्या प्लास्टरच्या पायाचं चित्र काढताना अंगठ्याखाली सावली भरता भरता सहदेवच्या ध्यानात आलं, की आपलं तोंड चालतंय. जबडा हलतोय, जिभेवर काहीतरी मऊ, बिनचवीचं आहे, आणि त्यातलं निम्मं घशाखाली उतरलंसुद्धा. त्यानं डाव्या हाताकडे पाहिलं. हातात पावाचा तुकडा होता आणि त्याचा एक कोपरा नव्हता. उरलेला घास थुंकावा तर खाली वर्गाची फरशी, गिळावा तर पाव. शेजारचा पारशी पोरगा हसला, म्हणाला, भूक लागली काय रे, आणि पुन्हा आपल्या कागदाकडे वळला. त्याच्या लेखी पाव म्हणजे पाव. सहदेवनं तो घास गिळला आणि मग बराच वेळ कोळशाची काडी नुसती कागदावर टेकवून तो बसून राहिला.

आता पाव म्हणजे काही विष नव्हे. पण ज्या काळातली ही गोष्ट आहे, त्या काळात नेरळजवळच्या पोशीरसारख्या गावाला विष परवडलं असतं. विष खाऊन मेलेल्याला चार खांदे तरी मिळत, पाव खाल्लेल्याला जिवंतपणीच कुणी शिवत नसे. मुंबईच्या चित्रशाळेत मात्र रोज सकाळी शिपाई शिळ्या पावांची टोपली फिरवायचा. तो पाव खायला नसे, पुसायला असे. कोळशानं काढलेलं चित्र रबरानं पुसलं तर कागद तुळतुळीत होतो आणि वर पुन्हा कोळसा धरत नाही. पावाच्या आतला मऊ गाभा बोटांत मळून हलकेच टिपला, की काळं तेवढं उचललं जातं आणि खालचा पांढरा जसाच्या तसा वर येतो. पहिल्या दिवशी टोपली समोर आली तेव्हा सहदेवनं हात मागे घेतला होता. पाव होता म्हणून तर खरंच, पण त्याहून जास्त टोचलं होतं ते दुसरंच. अन्नानं पुसायचं? भाताचं शीत पायाखाली आलं तरी आई त्याला उचलून कपाळाला लावायला लावायची. मास्तर, तेही आपल्याच मुलखातले, हळूच म्हणाले होते, घे रे, हत्यार आहे ते, अन्न नाही. म्हणून त्यानं घेतला. हत्यार म्हणून घेतला आणि हत्यार म्हणूनच वर्षभर वापरला. आणि आज ते हत्यार पोटात गेलं.

पोट दुखेल असं वाटलं होतं, ते काही दुखलं नाही. त्याचीच जास्त भीती वाटली. परळच्या चाळीत तो दूरच्या मामाकडे राहायचा; संध्याकाळी मामीनं ताट वाढलं तेव्हा त्याला वाटलं, आता भाकरीला हात लावताच काहीतरी होईल, भाकरी काळी पडेल, मामी ओरडेल. काही झालं नाही. मामी म्हणाली, आणखी घे. बाटणं म्हणजे असं असतं तर, आतल्या आत, कुणाला काही न कळता? मग धाकलूकाकाला कसं कळलं होतं? धाकलूकाकाला कळलं नव्हतं, गावाला कळलं होतं. सगळा फरक तेवढाच होता, आणि त्या फरकावर आता सहदेवचा जीव टांगलेला होता.

धाकलूकाका म्हणजे त्याच्या बापाचा, मालोजीचा चुलतभाऊ. बोरघाटात आगगाडीसाठी बोगदे फोडायचं काम चाललं होतं तेव्हा तो तिथं कामाला होता. तापानं फणफणून तंबूच्या कडेला पडला असताना कुण्या साहेबाच्या खानसाम्याला दया आली आणि त्यानं दुधात बुडवलेला पाव याच्या तोंडात घातला. ताप उतरला. घरी आला तर बातमी त्याच्याआधी पोचलेली. जातीनं वाळीत टाकलं. सहदेवला कळू लागलं तेव्हा काका गावाबाहेर खळ्याच्या पलीकडे राहायचा. लग्नकार्यात पंगती उठल्यावर त्याची पत्रावळ लांबून सरकवायचे. त्याची मुलगी इंदू. तिच्या केसांत पांढरं दिसायला लागलं तरी तिला विचारायला एक स्थळ आलं नाही. लहानपणी सहदेवनं एकदा लपूनछपून काकाला विचारलं होतं, पाव कसा लागतो.  काका म्हणाला, 'लई मऊ रं. पन चव अशी कायच नाय. ज्याच्यापायी जात गेली त्याला चव तरी असावी का नाय?' वर्गात तो घास गिळताना सहदेवला हेच आठवलं होतं. काका खोटं बोलला नव्हता.

आणि नेमकं शकूचं लग्न ठरलेलं. शकू त्याच्या पाठची, एकुलती बहीण. खालापूरच्या आबाजीचा पुतण्या नवरा. आबाजी म्हणजे जातीतलं बडं प्रस्थ, रीतीभातीला असा कडक की त्याच्यासमोर लोक जांभई द्यायलाही बिचकत. सुपारी फुटायच्या आधी त्यानं एकच गोष्ट विचारली होती: पोरगा सायबाच्या शाळेत हाय म्हनं, तिथं खान्यापिन्याचं कसं? मालोजीनं देव्हाऱ्यातला बेलभंडारा उचलला होता. पोरानं मामाच्या घरचं सोडून बाहेरचं पाणीसुद्धा घेतलं नाही, घेतलं असलं तर माझा वंश बुडो, असं म्हणाला होता. सहदेव तेव्हा तिथंच बसला होता आणि तेव्हा ते खरं होतं. बापाचा आवाज चढला होता. खोटेपणानं नव्हे, अभिमानानं. आता ती शपथ एका कोपऱ्याएवढ्या पावानं खोटी पडली होती. हे बाहेर फुटलं तर शकूची इंदू व्हायला एक दिवस पुरला असता.

सांगून टाकावं, असं त्याला रोज वाटायचं आणि रोज वर्गात गेल्यावर तो विचार पातळ व्हायचा. कारण वर्गात उजेड होता. उंच खिडकीतून एकाच बाजूनं येणारा, सबंध सकाळ न हलणारा. पहिले काही महिने नुसत्या रेघा ओढवल्या होत्या मास्तरांनी, उभ्या, आडव्या, मग वाटोळ्या. मग लाकडाचे ठोकळे, मग प्लास्टरचं पान, कान, पाय. सहदेवला आधी हसू यायचं. तो गावी असताना नदीकाठच्या कातळावर विस्तवातल्या कोळशानं बैल काढायचा, एका दमात, शिंगापासून शेपटीपर्यंत. ते बैल पाहूनच शाळा तपासायला आलेल्या साहेबानं त्याला इकडे धाडलं होतं. पण मास्तर म्हणाले, तू बैल काढत नाहीस, बैलाबद्दल तुला जे ठाऊक आहे ते काढतोस. जे दिसतं ते काढ. त्यांनी त्याला डोळे बारीक करायला लावले, आणि एके दिवशी, ठोकळ्याकडे बघता बघता, ठोकळ्याची रेघ नाहीशी झाली. उरली ती उजेडाची एक बाजू आणि काळोखाची एक बाजू, आणि त्या जिथं भेटतात ती जागा. त्याच्या अंगावर काटा आला. त्या दिवसापासून त्याला सगळीकडे तेच दिसू लागलं: मामीच्या गालावर, ट्रामच्या घोड्यावर, स्वतःच्या हाताच्या बोटांत. आईशप्पथ, असं काही जगात असेल आणि ते आपल्याला दाखवायला कुणीतरी मुंबईत बसलेलं असेल, हे त्याला खरंच वाटत नव्हतं. हे सोडून खळ्याच्या पलीकडे कसं जायचं?

एक मात्र बिनसलं होतं. त्याची पहिली हिंमत गेली होती. कातळावर बैल काढताना पुसायचं कधी मनातसुद्धा यायचं नाही. आता हाताशी पाव नसला तर पहिली रेघच उमटत नसे. म्हणूनच, लग्नासाठी गावी निघताना त्यानं जे केलं ते केलं. मालोजीचा निरोप आला होता की हळदीच्या दिवशी दाराशेजारचा गणपती यंदा चितारी काढणार नाही, सहदेव काढील, सगळ्या पाहुण्यांना कळू दे. सहदेवनं टोपलीतल्या पावाचा एक गाभा कागदात गुंडाळला आणि धोतराच्या कनवटीला खोचला. नेरळला उतरून पोशीरपर्यंत चालताना तो कमरेशी लागत होता. वाटेत ओढ्यात फेकून द्यायचा विचार त्यानं किती वेळा केला असेल. पाण्यात? पाव पाण्यात टाकला तर सगळा गाव बाटतो, असं लहानपणापासून ऐकलेलं. बांधावर टाकावा तर गुरं खातील. त्या तेवढ्याशा पावाला ठेवायला सगळ्या मुलखात जागा नव्हती. तो कनवटीलाच राहिला.

हळदीच्या सकाळी घरात माणूस मावत नव्हतं. अंगण सारवलेलं, मांडव घातलेला, दाराशेजारच्या भिंतीला नवा चुना दिलेला. भिंत अशी कोरी, पांढरी, की सहदेवचे डोळे दिपले. त्यानं कोळसा उचलला. ठरवलं होतं ते साधं होतं: नेहमीचा गणपती, चार हात, डावी सोंड, मग हळद, कुंकू, नीळ भरायची. सोंडेचा बाक उतरला, कान झाले, पोट झालं. आणि मग दारातून आलेला उजेड भिंतीवर तिरपा पडला. हा उजेड देवाच्या एका गालावर पडला तर दुसऱ्यावर काय होईल? नुसता विचार आला. हात त्याआधीच चालू झाला होता. सोंडेच्या कडेला त्यानं काळोख दिला, डाव्या डोळ्याखाली दिला, गालाचा गोळा वळवला, बोटानं कड मऊ केली. आजूबाजूच्या बायका, पोरं, आईच्या हाका, सगळं लांब गेलं. प्लास्टरच्या पायाशी असायचं तसंच झालं. भान आलं तेव्हा भिंतीतून एक जड, शांत डोकं पुढे आलं होतं. एवढं चांगलं त्यानं आजवर काही काढलं नव्हतं. ते त्याला लख्ख कळलं आणि त्याच क्षणी त्याचा दचकून हात तोंडाकडे गेला. तोंड रिकामं होतं. या खेपेला त्यानं काही खाल्लं नव्हतं.

शकू उंबऱ्यात उभी होती. नवरी म्हणून तिला कुणी कामाला हात लावू देत नव्हतं, म्हणून सकाळपासून ती नुसती त्याच्याकडे बघत होती. ती म्हणाली, 'दादा, त्यो बगतोय रं माझ्याकडं.' सहदेवला फार बरं वाटलं.

तेवढ्यात बैलगाड्यांचे घुंगरू वाजले. खालापूरहून उष्टी हळद आली होती; नवऱ्याला लावून उरलेली, नवरीला लावायची. ताट आबाजीच्या बायकोच्या, अंबूबाईच्या हातात. पुढे आबाजी. मालोजी हात जोडून धावला, पाय धुवायला पाणी दिलं आणि पाणी पुरतं ओतायच्या आधीच म्हणाला, आमच्या सहदेवनं काढलाय बघा देव. आबाजीनं पाहिलं. जवळ जाऊन पुन्हा पाहिलं. 

'अर्धं तोंड काळं कशानं केलंय?' आबाजी म्हणाला.

सहदेव सांगायला गेला. उजेड, दार, बाजू, सावली. शब्द मुंबईचे होते, इथं ते तोंडातच फुटले. अंबूबाई हसली, म्हणाली गणपती करायला गेला नि माकड झालं. पण आबाजी हसला नाही म्हणून तिचंही हसू विरलं. सावली नाही बाबा ती, आबाजी म्हणाला, देवाला कसली सावली? लग्नाच्या घरात देवाचं तोंड काळं केलंत तुम्ही, आणि त्याच्यासमोर आमची हळद लावायची? ताट खाली ठेवू नको, असं त्यानं अंबूबाईला बजावलं. ताट तिच्या हातातच राहिलं. मालोजीच्या तोंडचं पाणी पळालं. सहदेवची आई बायजा ओलं फडकं घेऊन पुढे झाली आणि सहदेव नको म्हणेपर्यंत तिनं ते गालावरून फिरवलंसुद्धा. जिथं सावली होती तिथं काजळासारखा फराटा उठला, कानापर्यंत ओघळला. आता खरंच तोंड काळं दिसू लागलं. कुणीतरी मागे चुकचुकलं. वरून चुना द्यावा तर तो वाळेपर्यंत हळदीची वेळ टळणार, आणि ओल्या चुन्यातून कोळसा वर येतो हे सहदेवला ठाऊक होतं.

'हे पुसा,' आबाजी म्हणाला, 'मंग हळद लागंल. नाय तर गाड्या अजून जुपलेल्याच हायेत.'

पुसायला एकच वस्तू होती आणि ती सहदेवच्या कमरेला होती. त्याला ती आता गरम लागत होती. सगळ्यांच्या देखत कनवटीतून पाव काढायचा, म्हणजे बापाची बेलभंडाऱ्यावरची शपथ खोटी पाडायची. नाही काढायचा, तर शकू इथंच उंबऱ्यात उभी राहणार, या लग्नापुरती नव्हे, जन्मभर. बापाकडे बघवेना. मालोजी नुसता त्याच्याकडे बघत होता, तू मुंबईला शिकलास, तूच काहीतरी कर, असं. आणि कुठून तरी सहदेवला शब्द सुचले.

तो म्हणाला की देवाचं तोंड घडताना कुणी बघायचं नसतं. मधे कापड धरायचं असतं. आमच्या शाळेत तशी रीत आहे. आपण ती मोडली म्हणून हे झालं. बोलताना त्याचं त्यालाच नवल वाटलं, किती सहज येतंय. अशी रीत कुठंच नव्हती. शाळेत तर सगळेच काही आडपडदा न ठेवता बसून एकमेकांच्या चुका बघायचे. पण रीत म्हटल्यावर आबाजीचा चेहरा सैल झाला. रीतीपुढे तो नेहमीच नमायचा, मग ती त्या क्षणी जन्माला आलेली का असेना. 'रीत असंल तर रीत,' तो म्हणाला आणि सगळ्यांना मागे सारून स्वतः पाठ फिरवून उभा राहिला.

बायजानं लग्नासाठी काढून ठेवलेलं धुवट लुगडं आणलं. एक टोक खुंटीला बांधलं. दुसरं कुणी धरायचं? बायकांचे हात हळदीनं भरलेले. शकू पुढे झाली, नवरीचेच हात कोरडे होते. तिनं टोक डोक्याइतकं उंच धरलं आणि आत, भिंतीपाशी, भाऊ, बहीण आणि तो काळा फराट्याचा देव एवढेच उरले.

सहदेवनं तिच्याकडे पाठ केली. कनवटीतून पुडी काढली. पाव सुकला होता. थुंकी लावून बोटांत मळला तेव्हा कुठं मऊ झाला. मग तो टिपू लागला. आधी ओघळ गेले, मग कानावरचं काजळ, मग गाल. पाव काळा व्हायचा, त्याची कड गळून पडायची, आतली पांढरी वर यायची. भिंत खालून वर येत होती. डोळ्याखालचा काळोख पुसताना मात्र त्याचा हात थांबला. ही जागा त्याला सापडली होती, त्याला एकट्याला. एवढी राहू दिली तर? बाहेरून आबाजी खाकरला. सहदेवनं ती जागा पुसली. डोळे भरून आले होते, त्यामुळे नीट पुसली गेली की नाही हे बघायला त्याला दोनदा बाहीनं डोळे पुसावे लागले. भिंतीतून पुढे आलेलं डोकं पुन्हा भिंतीत गेलं. आता उरला तो सगळ्यांना ठाऊक असलेला गणपती, नुसत्या रेघांचा, दोन्ही गाल सारखे. कातळावरच्या बैलासारखाच तोही कुणी बघून काढलेला नव्हता.

त्यानं खाली पाहिलं. सारवलेल्या जमिनीवर, देवाच्या पायाशी, पावाचा काळा चुरा पडला होता. ज्याला पाव ठाऊक त्याला तो एका नजरेत कळला असता, आणि आबाजीनं उभं आयुष्य याच गोष्टी ओळखण्यात घालवलं होतं. 'झालं का रं?' बाहेरून आवाज आला आणि कापडाच्या कडेला त्याची बोटं दिसली. अजून डोळा राहिलाय, असं म्हणत सहदेव गुडघ्यावर बसला. चुरा गोळा केला, पार शेवटच्या कणापर्यंत. कनवटीला परत खोचावा तर धोतर नवं, पांढरं, काळा डाग पडणार, आणि आत्ताच पोरी त्याला हळदीला ओढणार. मुठीत धरावा तर मूठ उघडावीच लागणार. ठेवायला जागा नव्हती. वाटेतही नव्हती, इथंही नव्हती. त्यानं मूठ तोंडाशी नेली आणि सगळा चुरा तोंडात घातला.

या खेपेला त्याला ठाऊक होतं. तो चावत होता आणि त्याला ठाऊक होतं. कोळसा दाताखाली करकरला, चुना जिभेला झोंबला. गिळवेना. त्यानं डोळे वर केले तर शकू त्याच्याकडे बघत होती. लुगड्याचं टोक तसंच उंच होतं, तिचे हात हलले नव्हते. तिनं सगळं पाहिलं होतं, पुडीपासून. धाकलूकाकाची पत्रावळ लांबून सरकवायला लहानपणी आई तिलाच पाठवायची. पाव म्हणजे काय हे तिला कुणी सांगायला नको होतं.

सहदेवला वाटलं, आता हे टोक खाली पडणार.

टोक पडलं नाही. पायाशी तिच्याचसाठी भरून ठेवलेला पाण्याचा तांब्या होता, तो शकूनं पायानं पुढे सारला.

'दादा,' ती अगदी हळू म्हणाली, 'पानी पी.'

वरून ओतून प्यायचं त्याला सुधरलं नाही. त्यानं तांब्या ओठाला लावला आणि घोट घोट करून ते सगळं खाली लोटलं. तांब्याच्या काठावर काळा ओठ उमटला. तो पुसायला त्यानं बोट नेलं, पण शकूनं एक हात सोडून तांब्या त्याच्या हातातून घेतला. त्याला वाटलं ती ओतून टाकणार. तिनं काठावरच्या त्या काळ्या जागेवरच तोंड लावलं आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं. मग पदरानं आधी त्याचे ओठ पुसले, मग आपले, आणि कापडाचं टोक सोडून दिलं.

लुगडं खाली आलं. आबाजीनं वळून पाहिलं, देवाला हात जोडले आणि म्हणाला, आता कसं, आता देव वाटतो. मालोजीनं सोडलेला श्वास अंगणापर्यंत ऐकू गेला. बायकांनी गाणं उचललं, पाट मांडला, शकूला बसवलं. अंबूबाईनं ताट अखेर खाली ठेवलं आणि खालापूरची उष्टी हळद बोटांवर घेऊन म्हणाली, घे गं बाये, आता तुझं नि त्याचं उष्टं एक झालं. शकू हसली. सगळ्यांना वाटलं, लाजली.

सहदेव खांबाला टेकून उभा होता. तोंडात अजून कोळसा होता. दारातून उजेड तसाच तिरपा येत होता आणि न बघायचं ठरवूनही त्याचे डोळे बारीक झाले. शकूचा दाराकडचा गाल हळदीनं उजळला होता, दुसरा अंधारात होता, डोळ्याखाली काळा, अगदी काळा. ते पुसा म्हणून कुणी म्हणालं नाही.